व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं पुनर्वसन : घरच्यांनी काय विचारावं, काय करावं

आयसीयूबाहेरच्या बाकांवर बसलेल्या नातेवाइकांचे प्रश्न सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखेच असतात. ‘पेशंटला शुद्ध नाही, मग फिजिओथेरपिस्ट रोज येऊन करतात तरी काय?’ ‘डॉक्टर म्हणतात घशाला भोक पाडू या, म्हणजे आशा संपली का?’ ‘नळी निघाली, आता घोटभर चहा पाजला तर काय बिघडतं?’ आणि घरी आल्यावर हमखास येणारा प्रश्न : ‘रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, मग साधा जिना का चढवत नाही?’

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोमची, म्हणजे जीबीएसची साथ आली, तेव्हा हे प्रश्न एकाच वेळी अनेक घरांत शिरले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. हातपाय लुळे पडतात आणि काहींच्या बाबतीत श्वासाचे स्नायूही थकतात. दोनशेच्या वर संशयित रुग्ण नोंदवले गेले, त्यांतल्या अनेकांना व्हेंटिलेटर लागला. औषधांचा कोर्स काही दिवसांत संपतो, पण हातापायांत बळ परत यायला महिने लागतात. न्यूमोनिया, जंतुसंसर्ग किंवा अपघातामुळे व्हेंटिलेटरवर गेलेल्यांच्या बाबतीतही थोडंफार असंच घडतं.

पुनर्वसन डिस्चार्जनंतर सुरू होतं, हा यातला सर्वांत मोठा गैरसमज. ते आयसीयूतच, रुग्ण यंत्रावर असतानाच सुरू व्हायला हवं. त्यात घरच्यांचा वाटाही बराच असतो.

घाई कशासाठी?

प्लॅस्टर काढल्यावर हात बारीक झालेला दिसतो, तसंच काहीसं गंभीर आजारात सगळ्या शरीराचं होतं, फक्त कितीतरी जास्त वेगाने. लंडनमध्ये ६३ गंभीर रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजला गेला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दहा दिवसांत त्या स्नायूचा सुमारे १८ टक्के भाग झिजलेला आढळला. छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलालाही यंत्रामुळे काम उरत नाही, त्यामुळे तेही दुबळं होतं. म्हणूनच फुप्फुसं सुधारली तरी काही रुग्णांचं व्हेंटिलेटर लवकर सुटत नाही.

हालचाल लवकर सुरू केली तर काय होतं, हे अमेरिकेत १०४ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. एका गटात नळी घातल्यापासून साधारण दीड दिवसातच व्यायाम सुरू झाला, दुसऱ्यात आठवडाभराने. घरी जाताना स्वतःचं आवरण्याइतके आणि चालण्याइतके सक्षम असलेले रुग्ण पहिल्या गटात ५९ टक्के होते, दुसऱ्यात ३५ टक्के.

पण जितकं जास्त तितकं चांगलं, असं मात्र नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७५० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत नेहमीपेक्षा बराच जास्त व्यायाम करवून घेतलेल्या गटाला अधिक फायदा झाला नाही. उलट हृदयाचे ठोके बिघडणं, रक्तदाब किंवा ऑक्सिजन घसरणं असे प्रकार त्या गटात जास्त झाले. त्यामुळे ‘आमच्या पेशंटला आजच उभं करा’ असा हट्ट धरू नका. आज त्याला किती झेपेल, हे विचारा.

रोजच्या भेटीत विचारायचे पाच प्रश्न

आयसीयूत डॉक्टरांशी बोलायला चार-पाच मिनिटंच मिळतात. ‘कसा आहे?’ या प्रश्नाला ‘स्टेबल आहे’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी पुढचे प्रश्न वहीत लिहून न्या आणि उत्तरं तारखेसह टिपून ठेवा.

१. आज गुंगीचं औषध कमी केलं का, थांबवून पाहिलं का? रोज काही वेळ गुंगी उतरू दिल्याने व्हेंटिलेटरचे दिवस कमी होतात, हे शिकागोतल्या २००० सालच्या अभ्यासात दिसलं होतं. तिथे ७.३ ऐवजी ४.९ दिवसांत यंत्र सुटलं. औषध थांबवता येत नसेल, तर त्याचं कारण विचारा. झटके, मेंदूवरचा वाढलेला दाब किंवा फुप्फुसांचा फार गंभीर आजार ही रास्त कारणं आहेत.

२. स्वतःहून श्वास घेण्याची चाचणी झाली का? यंत्राची मदत कमीत कमी ठेवून अर्धा ते दोन तास रुग्ण तग धरतो का, हे त्यात पाहतात. चाचणी फसली तर कशामुळे फसली, तेही विचारा : कफ, अशक्तपणा, हृदय की भीती?

३. हालचाल कुठल्या पायरीपर्यंत आली? पायऱ्या पुढे दिल्या आहेत.

४. भ्रम आहे का? दुखतंय का? आयसीयूतला भ्रम म्हणजे वेड नव्हे. रुग्ण नळ्या ओढतो, नसलेली माणसं पाहतो किंवा नुसताच शून्यात बघत पडून राहतो. हा शांत भ्रम सहज नजरेतून सुटतो. तुम्हाला तो जाणवला तर सिस्टरांच्या कानावर घाला.

५. प्रथिनं किती जाताहेत? गंभीर रुग्णासाठी रोज वजनाच्या दर किलोमागे साधारण १.२ ते २ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली जाते. ती टप्प्याटप्प्याने वाढवतात. मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असेल तर आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर वेगळं प्रमाण ठरवतात.

हालचालीच्या पायऱ्या

- पूर्ण गुंगीत असताना : साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं, डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवणं, फिजिओथेरपिस्टने सांधे हलवणं, पाऊल खाली लोंबू नये म्हणून आधार देणं. कफ मोकळा करण्याचं कामही याच वेळी चालतं.
- हाक मारल्यावर डोळे उघडू लागल्यावर : मूठ मिटणं, घोटा वरखाली करणं, पाय सरकवणं. काही रुग्णालयांत पलंगाला जोडायची सायकल असते.
- डोकं सावरता येऊ लागल्यावर : आधी पलंगाची पाठ उभी करून, मग पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला बसणं. नळी तोंडात असतानाही हे करतात.
- गुडघ्यात थोडं बळ आल्यावर : दोघांच्या आधाराने उभं राहणं, खुर्चीत बसणं, जागच्या जागी पावलं उचलणं.
- त्यापुढे : वॉकर धरून चालणं. यंत्र अजून सुटलं नसेल तर पोर्टेबल व्हेंटिलेटर सोबत घेऊन.

ताकद मोजायची एक सोपी पद्धत आहे. दोन्ही हातापायांच्या ठरावीक हालचालींना ० ते ५ गुण देऊन एकूण ६० पैकी किती, हे पाहतात. ४८ पेक्षा कमी गुण म्हणजे आयसीयूतली लक्षणीय कमजोरी. रुग्ण सूचना पाळू लागला की हा आकडा विचारा आणि दर आठवड्याला त्याची तुलना करा. ‘बरं वाटतंय’पेक्षा यातून जास्त कळतं.

थांबायचं कधी?

व्यायाम आज करायचा की नाही, हे डॉक्टर, सिस्टर आणि फिजिओथेरपिस्ट मिळून ठरवतात. रक्तदाबाची औषधं वाढवावी लागत असतील, ऑक्सिजन पुरेसा टिकत नसेल, रक्तस्राव चालू असेल, हाड अस्थिर असेल किंवा मेंदूवरचा दाब वाढलेला असेल, तर पलंगाबाहेरची हालचाल थांबवतात. मात्र ‘तोंडात नळी आहे’ एवढं एकच कारण पुरेसं नाही. सात-आठ दिवस एवढंच उत्तर मिळत असेल, तर प्रमुख डॉक्टरांची वेळ मागून सविस्तर विचारा.

घशातून नळी : हो म्हणायचं का?

व्हेंटिलेटर आणखी बरेच दिवस लागणार असं दिसलं, की डॉक्टर ट्रॅकिऑस्टॉमी, म्हणजे घशाला छिद्र पाडून तिथून श्वासाची नळी बसवणं, सुचवतात. घरच्यांना ते ‘शेवटचं’ वाटतं. बहुतेकदा उलट असतं. तोंड मोकळं होतं, गुंगीचं औषध कमी लागतं, कफ काढणं सोपं जातं आणि रुग्णाला बसवता-चालवता येतं. गरज संपली की नळी काढतात आणि छिद्र सहसा आपोआप भरून येतं.

पण त्यासाठी पहिल्याच दिवसांत घाई करण्याचं कारण नाही. ब्रिटनमधल्या ९०९ रुग्णांच्या चाचणीत चार दिवसांच्या आत आणि दहा दिवसांनंतर ट्रॅकिऑस्टॉमी करण्याच्या धोरणांची तुलना झाली. मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. संमतीपत्रावर सही करण्याआधी एवढं विचारून घ्या :

- आणखी किती दिवस यंत्र लागेल असा अंदाज आहे?
- दोन-तीन दिवस थांबून पुन्हा श्वासाची चाचणी घेता येईल का?
- पलंगाशेजारीच करणार की ऑपरेशन थिएटरमध्ये? रक्तस्रावाचा धोका किती?
- मूळ आजार बरा होण्याजोगा आहे का?

शेवटचा प्रश्न अवघड आहे, पण टाळू नका. मूळ आजार सुधारणारा नसेल तर उपचारांचं उद्दिष्ट काय, रुग्णाने पूर्वी काही इच्छा बोलून दाखवली होती का, हे या टप्प्यावर मोकळेपणाने बोलावं लागतं.

ट्रॅकिऑस्टॉमीनंतर वाचा कायमची जाते, हाही गैरसमज. नळीवर एकदिश झडप बसवली, की हवा आत नळीतून जाते आणि बाहेर येताना स्वरतंतूंवरून येते. ही झडप १९८५ मध्ये डेव्हिड म्यूर या अमेरिकन तरुणाने शोधली. तो स्वतः स्नायूंच्या आजारामुळे व्हेंटिलेटरवर होता. रुग्ण पुरता जागा असेल, कफ आटोक्यात असेल, तर ‘बोलण्याची झडप लावून पाहता येईल का?’ असं विचारा. ती लावताना नळीचा फुगा पूर्ण रिकामा करावा लागतो. त्यामुळे हे काम फक्त प्रशिक्षित व्यक्तीनेच करायचं असतं.

बोलू न शकणाऱ्याशी कसं बोलायचं?

- नाव घेऊन हाक मारा. तुम्ही कोण, आज वार कोणता, तो कुठे आहे, हे प्रत्येक भेटीत सांगा.
- त्याचा चष्मा, कानाचं यंत्र, कवळी यांची सिस्टरांकडे आठवण करा. ही उपकरणं नसली की भ्रम वाढतो.
- एका वेळी एकच प्रश्न विचारा, उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल असा. ‘पाणी हवंय का दुखतंय?’ असा जोडप्रश्न नको.
- पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत तहान, दुखतंय, कफ काढा, गरम होतंय, कूस बदला, भीती वाटते असे शब्द लिहून द्या. वाचता येत नसेल तर चित्रं काढा.
- घरातली भांडणं, बिलाचा आकडा, कोणाच्या निधनाची बातमी पलंगाशेजारी काढू नका. गुंगीतल्या माणसाला काहीच ऐकू येत नाही असं गृहीत धरू नका.

एक साधी रोजनिशीही ठेवता येते : आज काय झालं, कोण भेटून गेलं, कोणती चाचणी झाली. नंतर रुग्णाला हे दिवस आठवत नाहीत, किंवा भलत्याच भीतिदायक रूपात आठवतात. युरोपातल्या ३५२ रुग्णांच्या अभ्यासात अशी रोजनिशी मिळालेल्यांमध्ये नंतरचा मानसिक आघात कमी दिसला. फ्रान्समधल्या पुढच्या मोठ्या चाचणीत तसा फायदा आढळला नाही. तरीही घरच्यांना घटनाक्रम हाताशी राहतो. फोटो मात्र रुग्णालयाच्या परवानगीशिवाय काढू नका.

हमखास होणाऱ्या चुका

- नळी निघाल्याबरोबर पाणी पाजणं. घसा दुखावलेला असतो, गिळण्याचे स्नायू थकलेले असतात. पाणी श्वासनलिकेत गेलं तरी अशक्त रुग्णाला ठसका लागेलच असं नाही. आधी गिळण्याची तपासणी होऊ द्या. पहिला घास बहुतेकदा पाण्याचा नसतो, दाटसर पदार्थाचा असतो.
- सुजलेल्या पोटरीला तेल लावून जोरात चोळणं. आत रक्ताची गुठळी असू शकते. आधी विचारा.
- दंडाला किंवा काखेत धरून ओढत उठवणं. दुबळा खांदा निखळू शकतो. उठवण्याची पद्धत फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.
- राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, घरचं जाडसर सूप किंवा भाजीचं पाणी विचारल्याशिवाय देणं. नळी तुंबते, मीठ आणि पोटॅशियमचं गणित बिघडतं.
- ‘राहू दे, दमतोय बिचारा’ म्हणत व्यायाम चुकवणं. दमणं अपेक्षितच आहे. छातीत दुखणं, घेरी येणं, ओठ निळे पडणं हे मात्र थांबण्याचे इशारे.

आयसीयूतून बाहेर : कुठे न्यायचं?

यंत्र सुटल्यावर वॉर्डात हलवलं, की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण इथे लक्ष ठेवणारी माणसं एकदम कमी होतात आणि व्यायाम दिवसाआड होऊ लागतो. हलवण्याच्या दिवशीच पुढचं लेखी वेळापत्रक मागा. त्यानंतर साधारण तीन वाटा असतात.

पुनर्वसन केंद्रात भरती : लकवा, जीबीएस, मणक्याची किंवा मेंदूची इजा असेल, आणि रुग्ण रोज दोन-तीन सत्रं करू शकत असेल तर. केंद्र निवडताना रात्री डॉक्टर असतात का, ट्रॅकिऑस्टॉमीचे रुग्ण घेतात का, सक्शनची (यंत्राने कफ ओढून काढण्याची) आणि ऑक्सिजनची सोय आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन बघा. सरकारी संस्थांमध्ये मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतल्या फिजिओथेरपी विभागांतही चौकशी करा.

बाह्यरुग्ण म्हणून फिजिओथेरपी : रुग्ण आधाराने चालू शकतो आणि प्रवास झेपतो, तेव्हा.

घरी उपचार : घरात दिवसरात्र कोणी असेल तरच. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टला पदवी आणि परिषदेकडची नोंदणी विचारायला संकोच करू नका.

ट्रॅकिऑस्टॉमीसह घरी नेण्याआधी

- घरातल्या किमान दोघांनी सक्शन करणं, आतली नळी धुणं आणि पट्टी बदलणं रुग्णालयातच स्वतःच्या हाताने, सिस्टरांसमोर करून दाखवावं. नुसतं पाहून येत नाही.
- सक्शन मशीन आणि हाताने श्वास देण्याची पिशवी.
- जादा नळ्या दोन : एक त्याच मापाची, एक त्याहून लहान.
- वीज गेल्यावर चालणारी सोय. इन्व्हर्टरवर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किती वेळ चालतो, हे आधी तपासा. ऑक्सिजनचा सिलिंडर जवळ ठेवा.
- नळी निघाली किंवा तुंबली तर पहिल्या मिनिटात काय करायचं, ते लिहून भिंतीवर लावा. शेजारी १०८ आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक.

खर्च आणि हक्क

- माहिती आणि संमती : उपचारांचे पर्याय, धोके आणि अंदाजे खर्च समजून घेण्याचा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा आणि तपशीलवार बिल मागण्याचा हक्क रुग्णहक्कांच्या सनदेत आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या शुश्रूषागृह नोंदणी सुधारणा नियमांतही रुग्णहक्कांचा समावेश झाला आहे. तक्रार आधी रुग्णालयाकडे लेखी द्या. दाद लागली नाही तर महापालिका हद्दीत महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे.
- कागदपत्रं : वैद्यकीय नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत मिळाल्या पाहिजेत, असं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. व्यायामाच्या नोंदी आणि ताकदीचे गुणही मागा, पुढच्या फिजिओथेरपिस्टला ते लागतात.
- सरकारी योजना : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात. त्यांना भरती झाल्या दिवशीच भेटा. मंजुरी आधी घ्यावी लागते.
- धर्मादाय रुग्णालयं : १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणं बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवकांकडे उत्पन्नाच्या दाखल्यासह जा.
- विमा : डिस्चार्जनंतर किती दिवसांपर्यंतचा खर्च मिळतो, त्यात घरची फिजिओथेरपी आणि भाड्याची उपकरणं धरली आहेत का, हे पॉलिसीत वाचा. डिस्चार्ज कार्डावर फिजिओथेरपीचा सल्ला, सत्रं आणि कालावधी लिहून घ्या, नाहीतर दावा अडू शकतो.
- रुग्णालय बदलताना : ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध’ असं छापलेल्या कागदावर घाईने सही करू नका. दुसरीकडे खाट आणि व्हेंटिलेटर असलेली रुग्णवाहिका पक्की झाल्यावर ‘पुढील उपचारांसाठी स्थलांतर’ अशी नोंद मागा.

घरी आल्यावरचं पहिलं वर्ष

टोरोंटोच्या संशोधकांनी फुप्फुसांच्या अत्यंत गंभीर आजारातून वाचलेल्या १०९ जणांचा वर्षभर पाठपुरावा केला. आयसीयू सोडताना त्यांचं वजन आजारापूर्वीपेक्षा १८ टक्क्यांनी घटलेलं होतं. सहा महिन्यांत फुप्फुसांच्या चाचण्या जवळपास नॉर्मल झाल्या, पण चालताना दम लागणं आणि थकवा उरलाच, कारण झीज स्नायूंची होती. वर्ष उलटल्यावर निम्म्याच्या आसपास लोक कामावर परतले होते. ‘रिपोर्ट नॉर्मल, मग जिना का नाही?’ याचं उत्तर बहुतेकदा इथे असतं.

म्हणून तपासणी फक्त एक्स-रेपुरती ठेवू नका. पहिल्या महिन्यात, मग तीन आणि सहा महिन्यांनी पुढच्या गोष्टी पाहून घ्या :

- सहा मिनिटांत किती मीटर चालता येतं, खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येतं का.
- वजन, भूक, गिळणं, आवाज.
- विसरभोळेपणा : औषधांच्या वेळा, पैशांचे व्यवहार, नेहमीचा रस्ता.
- झोप, दचकून उठणं, चिडचिड, रडू येणं. हे दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सेवा करणाऱ्या व्यक्तीचीही हीच चौकशी करा.

नव्याने दम लागणं, ताप, एकाच पायाला सूज, वाढता ठसका, किंवा नळी निघून काही आठवड्यांनी श्वास घेताना घरघर सुरू होणं, यासाठी पुढच्या तारखेची वाट पाहू नका. यातली घरघर नळीमुळे श्वासनलिका अरुंद झाल्याची खूण असू शकते. ती दमा समजून नुसत्या पंपावर दिवस काढू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे लगेच जा.

नोकरीवर परतताना ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ एवढाच शेरा असलेला दाखला घेऊ नका. सुरुवातीला अर्धा दिवस, बैठं काम, रात्रपाळी नको, अशा अटी आणि त्यांची मुदत डॉक्टरांकडून लिहून घ्या. वाहन चालवण्याची परवानगी वेगळी विचारा. झटक्यांची औषधं चालू असतील, पायात बळ कमी असेल किंवा लक्ष टिकत नसेल, तर गाडीची किल्ली पुढच्या तपासणीपर्यंत दुसऱ्या कोणाकडे राहू द्या.